मारुती ८०० (१९९६): गरम इंजिनाचा वाढलेला आयडल – प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, पुणे

गाडी वडिलांची आहे. १९९६ सालची मारुती ८००, तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे एफ८बी इंजिन, दोन बॅरलचा (हवेच्या दोन वाटांचा) कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, थंड इंजिनासाठी मिश्रणातली हवा कमी करणारा, हाताने ओढायचा चोक, एसी नाही. नोंदणीची पहिली पंधरा वर्षे २०११ मध्ये संपली आणि तेव्हापासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण होत आले आहे. पुढचे नूतनीकरण २०२६ मध्ये असल्यामुळे गाडी त्याआधी पूर्णपणे ठाकठीक करून ठेवावी, हा या कामाचा हेतू आहे.

तक्रार अशी आहे. सकाळी चोक ओढून गाडी व्यवस्थित सुरू होते, परंतु इंजिन गरम झाले आणि चोक पूर्ण आत ढकलला तरी आयडल, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन ज्या वेगाने फिरते तो वेग, खाली येत नाही. सिग्नलला गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना इंजिन कोणीतरी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवल्यासारखे चढ्या आवाजात चालत राहते. पाय काढल्यावर आवाज उतरायलाही बराच वेळ लागतो. उतारावर तिसरा गिअर टाकला तरी इंजिनाचा जो रोध मिळायला हवा तो मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. पेट्रोल जास्त जळते हे खरेच आहे, पण मला जास्त काळजी या शेवटच्या गोष्टीची वाटते, कारण वडील ही गाडी घेऊन अधूनमधून घाटातून साताऱ्याला जातात.

मागच्या महिन्यात पीयूसी केंद्रावर गाडी नापास झाली. कार्बन मोनॉक्साइड ०.८ टक्के आला, ज्याची मर्यादा या जुन्या गाड्यांसाठी ३ टक्के आहे. मात्र हायड्रोकार्बन १६२० पीपीएम आला आणि त्याची मर्यादा १५०० आहे. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. मिश्रणात पेट्रोल जास्त असते तर कार्बन मोनॉक्साइड वर गेला असता. तो कमी आहे आणि न जळलेले पेट्रोल मात्र जास्त बाहेर पडते आहे, याचा अर्थ मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असून एखादा सिलिंडर मधूनमधून पेट घेत नाही. वाढलेला आयडल आणि पातळ मिश्रण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे मला शोधायचे आहे.

एक नियम मी या कामासाठी ठरवून घेतला आहे. कारण सापडेपर्यंत आयडलच्या स्क्रूला (आयडलचा वेग कमी-जास्त करणाऱ्या) कायमस्वरूपी हात लावायचा नाही. चाचणीसाठी तो फिरवला तर मोजून फिरवायचा आणि तेवढाच परत आणायचा.

८ नोव्हेंबर २०२५

आजचे काम फक्त मोजमापाचे होते. या गाडीच्या डॅशबोर्डवर टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर) नाही, त्यामुळे ‘स्लो (म्हणजे आयडल) जास्त आहे’ असे सगळेच म्हणतात, पण किती जास्त आहे हे कोणी सांगत नाही. माझ्याकडे इग्निशन कॉइलच्या ऋण टोकाला जोडायचा, ठिणग्यांवरून फेरे दाखवणारा जुना ड्वेल-टॅको मीटर आहे. त्यावर चार, सहा आणि आठ सिलिंडरच्या पट्ट्या आहेत, तीनची पट्टी नाही.

येथे थोडा हिशेब करावा लागतो. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन आणि तीन सिलिंडरच्या इंजिनात दीड. मीटर फक्त ठिणग्या मोजतो. म्हणून सहाच्या पट्टीवरचा आकडा दुप्पट करावा लागतो आणि चारच्या पट्टीवरच्या आकड्याला चार तृतीयांशाने गुणावे लागते. गरम इंजिनावर सहाच्या पट्टीवर ८२० दिसले आणि चारच्या पट्टीवर १२३०. दोन्हींचा अर्थ एकच होतो: १६४० आरपीएम (मिनिटाला फेरे). या इंजिनाचा गरम आयडल ९००च्या आसपास असायला हवा.

गाडीच्या कागदपत्रांत एका गॅरेजचे गेल्या वर्षीचे बिल आहे, त्यावर ‘ट्युनिंग केले, आयडल ९००’ असे लिहिलेले आहे. तो मीटर चारच्या पट्टीवर ठेवून वाचला गेला असेल, तर त्या दिवशीसुद्धा इंजिन प्रत्यक्षात १२०० वर चालत होते. असे घडलेच असेल असे मी म्हणत नाही. मात्र बाजारातले बहुतेक साधे मीटर याच तीन पट्ट्यांचे असल्याने ही शक्यता प्रत्येक कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० च्या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच बैठकीत टॅपेटचे अंतर आणि तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासले. टॅपेट ठीक आहेत, कॉम्प्रेशन तिन्हींत जवळजवळ सारखे आहे. इंजिन मुळात निरोगी आहे, हे कळल्याने पुढचा शोध कार्बोरेटर, मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे मिश्रण नेणारा भाग) आणि इग्निशन (ठिणगीची यंत्रणा) एवढ्यापुरता मर्यादित करता येईल.

९ नोव्हेंबर २०२५

आधी सर्वांत सोप्या गोष्टी. ॲक्सिलरेटरची केबल कार्बोरेटरच्या लिव्हरवरून सोडवली. आरपीएममध्ये काहीही फरक पडला नाही. लिव्हर हाताने मागे दाबला, तरी तो आणखी मागे जात नाही, म्हणजे स्प्रिंग तिचे काम करते आहे आणि बटरफ्लाय (ॲक्सिलरेटरने उघडणारी, इंजिनात जाणारे मिश्रण कमी-जास्त करणारी झडप) कुठेही अडकलेला नाही. चोक ओढला की बटरफ्लाय किंचित उघडणारी एक जोडणी असते. चोक आत गेल्यावर ती पूर्ण मोकळी होते, हे आरसा धरून खात्रीने पाहिले.

म्हणजे बटरफ्लाय आयडल स्क्रूवर टेकून आहे आणि तो स्क्रूनेच एवढा उघडा धरला आहे. स्क्रूच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाची खूण करून तो हळूहळू बाहेर घेतला. आरपीएम १६४० वरून उतरत ११५० पर्यंत आले, तेथे इंजिन थरथरू लागले आणि त्याच्या खाली येताच बंद पडले. पुन्हा सुरू करून पाहिले, तेच झाले. स्क्रू मोजून मूळ जागी आणला.

आजचा खरा निष्कर्ष हा आहे. इंजिनाला ११५० च्या खाली जगताच येत नाही, आणि म्हणूनच कोणीतरी ते वर नेऊन ठेवले आहे. आता प्रश्न दोन झाले. ते खाली का जगत नाही, हा पहिला. बंद पडू नये एवढ्यासाठी १२०० पुरेसे असताना गरम झाल्यावर ते १६०० च्या वर का जाऊन बसते, हा दुसरा.

१५ नोव्हेंबर २०२५

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज मिळाले.

डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी वाटून देणाऱ्या भागावर, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची पत्र्याची डबी असते. तिच्यातला पडदा ओढला गेला की ठिणगी आधी पडते. ही ओढ कार्बोरेटरच्या ज्या छिद्रातून येते, ते छिद्र बटरफ्लायच्या बंद कडेच्या जरासे वर असते. आयडलवर बटरफ्लाय बंद असताना छिद्र मॅनिफोल्डच्या पोकळीपासून तुटलेले राहते आणि नळीत ओढ नसते. बटरफ्लाय थोडा उघडला की त्याची कड छिद्राच्या पुढे सरकते आणि ओढ सुरू होते.

गरम इंजिन १६४० वर चालू असताना डिस्ट्रिब्युटरकडची नळी काढून टोकावर बोट ठेवले. बोट चांगलेच ओढले गेले. नळी बुजवताच आरपीएम १३०० पर्यंत उतरले. टायमिंग लाइटखाली (टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ दाखवणाऱ्या दिव्याखाली) खूणही लगेच सरकलेली दिसली. नळी परत जोडली की खूण पुढे आणि आरपीएम वर.

असे दोनच कारणांनी होऊ शकते. एक, नळी चुकीच्या, म्हणजे थेट मॅनिफोल्डच्या निपलला (नळी बसवायच्या तोंडाला) जोडलेली असणे. नळी हाताने शेवटपर्यंत चाचपून पाहिली, ती योग्य निपललाच आहे. दुसरे, बटरफ्लाय इतका उघडा असणे की आयडललाच छिद्र उघडे पडते. तेच येथे घडते आहे. स्क्रूने बटरफ्लाय उघडला, छिद्र उघडे पडले, टायमिंग पुढे गेले, टायमिंग पुढे गेल्याने इंजिन आणखी वर गेले. पाय काढल्यावर आवाज उतरायला वेळ का लागतो, याचेही उत्तर यात आहे: बटरफ्लाय कधीच त्या छिद्राच्या मागे परत जात नाही, त्यामुळे वाढलेले टायमिंग उतरतच नाही.

नळी बुजवून ठेवलेल्या स्थितीत मूळ टायमिंग पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून पाहिले. एक अंशाचाही फरक नाही. डिस्ट्रिब्युटर फिरवून आयडल उतरवण्याचा मोह अनेकांना होतो. तसे या गाडीत कोणी केलेले नाही, ही समाधानाची गोष्ट आहे.

१६ नोव्हेंबर २०२५

आता पहिला प्रश्न. इंजिन खाली का जगत नाही?

मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज (आतली ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारा मीटर) लावला. निरोगी इंजिन आयडलवर समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच दाखवते आणि दर हजार फूट उंचीला सुमारे एक इंच कमी होतो. पुणे सुमारे ५६० मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांच्या वर आहे, म्हणून येथे १५ ते १९ ही योग्य मर्यादा धरली पाहिजे. गेजने १४ दाखवले आणि सुई सतत थरथरत होती. नुसता आकडा पाहिला तर थोडा कमी एवढेच वाटेल. परंतु १६०० आरपीएमवर भाराविना चालणाऱ्या इंजिनाची ओढ आयडलपेक्षा जास्त असायला हवी, हे ध्यानात घेतले की १४ हा आकडा बराच वाईट ठरतो. कुठून तरी जास्तीची हवा आत येते आहे. मेकॅनिक लोक ‘एअर घेतेय’ म्हणतात ती हीच.

ती जागा शोधण्यासाठी बरेच जण कार्बोरेटर क्लीनर किंवा चक्क पेट्रोल फवारतात. गरम एक्झॉस्ट आणि उघड्या ठिणगीच्या शेजारी ते करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी केस कापायच्या दुकानात असते तशी पाण्याची बारीक फवारणी करणारी बाटली वापरली. जेथे फट असते तेथे पाण्याचा थेंब क्षणभर फट बुजवतो आणि इंजिनाचा आवाज बदलतो.

क्रँककेसची नळी, डिस्ट्रिब्युटरची नळी आणि मॅनिफोल्ड व हेडमधला जोड यांवर काहीच झाले नाही. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता रोखणारा काळा, जाड इन्सुलेटर असतो. त्याच्या मागच्या कोपऱ्यावर फवारा पडताच आतमध्ये ‘सुर्र’ असा आवाज आला, गेजची सुई १६ वर जाऊन स्थिर झाली आणि दोन-तीन सेकंदांनी पुन्हा थरथरू लागली. पुन्हा फवारले, पुन्हा तसेच. फट तेथेच आहे.

पीयूसीचे आकडे आता जुळतात. ही हवा मिश्रणात न मोजता येते, त्यामुळे मिश्रण पातळ होते, आणि ती एका कोपऱ्यातून येत असल्याने तिन्ही सिलिंडरवर सारखी वाटली जात नाही. ज्याच्या वाट्याला जास्त येते, तो सिलिंडर मधून मधून चुकतो आणि त्याचे पेट्रोल न जळता बाहेर पडते.

तरीही एवढ्यावर थांबावेसे वाटत नाही. फट पाण्याने बुजलेली असतानाच्या त्या दोन-तीन सेकंदांत मी स्क्रू बाहेर घेऊन पाहिला आणि इंजिन तरीही ११०० च्या आसपास कोसळले. फट हे एक कारण आहे, एकमेव नाही.

२२ नोव्हेंबर २०२५

या सगळ्या कामातला निर्णायक दिवस आजचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

कार्बोरेटरमध्ये आयडलचे पेट्रोल स्लो जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) येते. वाटेत इंधन तोडणारा सॉलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असतो. चावी बंद केली की तो ही वाट बंद करतो, म्हणजे गरम इंजिन चावी काढल्यावरही धडधडत राहत नाही. पुढे ही वाट दोन ठिकाणी उघडते. एक, बटरफ्लायच्या खाली, मिक्स्चर स्क्रूच्या (आयडलचे पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूच्या) टोकापाशी असलेले आयडलचे छिद्र. दोन, बटरफ्लायच्या बंद कडेच्या लगत असलेली बारीक बायपास छिद्रे, जी बटरफ्लाय उघडू लागल्यावर क्रमाने उघडी पडतात आणि आयडलपासून मुख्य जेटपर्यंतचा मधला टप्पा सांभाळतात.

पहिली चाचणी. इंजिन १६०० वर चालू असताना सॉलेनॉइडची वायर काढली. टक् असा आवाज आला आणि इंजिन दोन सेकंदांत बंद पडले. यावरून सॉलेनॉइड चालतो आहे हे कळले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे इंजिनाला मिळणारे पेट्रोल स्लो जेटच्याच वाटेने येते आहे हेही कळले. (अनेक गाड्यांत या सॉलेनॉइडची पिन कापून टाकलेली आढळते. येथे ती शाबूत आहे.)

दुसरी चाचणी. इंजिन पुन्हा सुरू करून मिक्स्चर स्क्रू हळूहळू आत घट्ट केला. निरोगी कार्बोरेटरमध्ये तो पूर्ण आत गेला की आयडलचे पेट्रोल तुटते आणि इंजिन अडखळून बंद पडते. येथे तो शेवटपर्यंत बसला, तरी इंजिनाच्या आवाजात तसूभर फरक पडला नाही. मग तीन फेरे बाहेर घेतला. तेव्हाही नाही.

दोन चाचण्या एकत्र ठेवल्या की जागा नेमकी हाती येते. पेट्रोल स्लो जेट आणि सॉलेनॉइड ओलांडून पुढे येते, पण मिक्स्चर स्क्रूपाशी असलेल्या छिद्रातून बाहेर पडत नाही. म्हणजे अडथळा त्या दोन वाटा फुटतात तेथून स्क्रूपर्यंतच्या थोडक्या अंतरात आहे, आणि इंजिन आजवर केवळ बायपास छिद्रांवर चालत आले आहे. ती छिद्रे उघडी ठेवायची तर बटरफ्लाय उघडा ठेवणे भाग आहे. तसा तो उघडा ठेवला की व्हॅक्यूम ॲडव्हान्सचे छिद्रही उघडे पडते.

वाढलेल्या आयडलचे मूळ असे आयडलला पेट्रोल कमी मिळण्यात आहे. एखाद्या गॅरेजमध्ये गाडी उभी राहिल्यावर बंद पडते अशी तक्रार आली असणार आणि स्क्रू आत फिरवून ती त्या दिवसापुरती मिटवली गेली असणार. माझा आग्रह एवढ्याचसाठी आहे की आयडल जास्त असलेल्या जुन्या गाडीत स्क्रू उलटा फिरवण्याआधी मिक्स्चर स्क्रू काही काम करतो की नाही, हे पाहावे. दोन मिनिटांची ही चाचणी आहे आणि तिला एका स्क्रू-ड्रायव्हरखेरीज काहीही लागत नाही.

२३ नोव्हेंबर २०२५

बॅटरीची ऋण वायर काढली, पेट्रोलची नळी बुजवली, सर्व नळ्यांना चिकटपट्टीवर क्रमांक लिहिले आणि कार्बोरेटर उतरवला.

उतरवल्यावर सर्वांत आधी मी तो उजेडासमोर उलटा धरून पाहिला. पहिल्या बॅरलच्या भिंतीवर बटरफ्लायची कड जेथे कायम टेकलेली होती, तेथे तपकिरी रंगाची एक बारीक रेघ उमटली आहे. ती रेघ बायपासच्या तिन्ही छिद्रांच्या वर आहे आणि व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या छिद्राच्याही वर आहे. गेले दोन आठवडे मीटर आणि गेजवरून जे अनुमान केले, ते येथे धातूवर लिहिलेले सापडले.

मिक्स्चर स्क्रू काढला. त्याच्या टोकाला गोल खोबण पडली आहे, म्हणजे कधीतरी तो नको इतका घट्ट आवळला गेला. स्क्रूच्या घरात पांढरट, खडूच्या भुकटीसारखा थर होता आणि त्याखाली चिकट, पिवळसर डिंकासारखे साचलेले होते. अशी पांढरी भुकटी कार्बोरेटरच्या मिश्रधातूला ओलाव्याने गंज चढला की तयार होते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा धरते. ही गाडी पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे उभी असते. फ्लोटच्या टाकीच्या तळाशीही तसाच गाळ होता, त्यामुळे मला हे कारण पटते.

साफसफाई करताना एक पथ्य पाळले. पितळी जेट आणि धातूतली छिद्रे यांच्यात पोलादी तार किंवा ड्रिलची पाती घालायची नाही, कारण छिद्र एका केसाने मोठे झाले तरी मिश्रण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून, विजेच्या वायरमधली तांब्याची एकच तार वापरून आणि मग दाबाची हवा मारून वाट मोकळी केली. सॉलेनॉइडच्या जागेतून क्लीनर मारला, तेव्हा तो आधी फक्त बायपास छिद्रांतून येत होता. बऱ्याच वेळाने मिक्स्चर स्क्रूच्या छिद्रातून एक तपकिरी थेंब आला, मग दोन, आणि मग स्वच्छ धार.

कार्बोरेटरच्या तळाच्या फ्लँजवर (मॅनिफोल्डवर बसणाऱ्या सपाट भागावर) पोलादी पट्टी आडवी ठेवून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घातला. मध्ये ०.१५ मिलिमीटरची पाती सहज जाते. दोन्ही टोकांचे बोल्ट जास्त आवळल्याने फ्लँज वाकला आहे आणि मध्ये उचलला गेला आहे. इन्सुलेटरच्या त्याच कोपऱ्यात केसाएवढी चीरही आहे.

२६ नोव्हेंबर २०२५

नाना पेठेत जाऊन कार्बोरेटरचे ओव्हरहॉल किट, इन्सुलेटर, त्याच्या दोन्ही बाजूंच्या गॅस्केट, नवा मिक्स्चर स्क्रू आणि नळ्या आणल्या. पहिल्या दुकानात दाखवलेल्या इन्सुलेटरची भोके जुन्याशी जुळवून पाहिली, तर एका बॅरलचे भोक लहान होते, म्हणून तो घेतला नाही. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी स्वतःहून विचारले, “एसी आहे का गाडीला? मग वेगळा येतो.” जुना भाग सोबत नेल्याशिवाय या गाडीचे सामान घेऊ नये.

पेट्रोलच्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या घेतल्या. व्हॅक्यूमच्या नळ्या त्यापेक्षा बारीक आणि जाड भिंतीच्या असतात. दुकानदार कधीकधी विंडस्क्रीनला पाणी नेणारी पातळ नळी देतात, ती गरम इंजिनाजवळ काही महिन्यांत मऊ पडून चपटी होते.

३० नोव्हेंबर २०२५

जाड काचेच्या तुकड्यावर पाण्यातला पॉलिश पेपर पसरून फ्लँज त्यावर आठाच्या आकड्यात फिरवला. मध्येमध्ये निळ्या मार्करने रेघा ओढून कोठे घासले जाते आहे ते पाहिले. आधी फक्त दोन्ही टोके चमकू लागली, मग हळूहळू मध्यापर्यंत सारखी चमक आली. आता सर्वांत पातळ पाती कोठेही जात नाही. मॅनिफोल्डचा पृष्ठभाग पट्टी लावून पाहिला, तो सरळ आहे. बोल्ट बसवताना आलटून पालटून, थोडे थोडे आवळले आणि गॅस्केट दबली की थांबलो.

फ्लोटची उंची किटमधल्या मापाने लावली. बटरफ्लायच्या दांड्यात थोडी खेळ (सैलपणा) आहे, ती नोंदवून ठेवतो. आज तिला हात लावलेला नाही.

आयडल स्क्रू पूर्ण बाहेर घेऊन, बटरफ्लाय बंद झाल्यावर तो लिव्हरला नुसता टेकेल इतका आणला आणि वर थोडा आत दिला. नवा मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने बसवून अडीच फेरे बाहेर घेतला. ही फक्त सुरुवातीची जागा आहे.

६ डिसेंबर २०२५

चोक ओढून इंजिन सुरू केले. फ्लोटची टाकी रिकामी असल्याने थोडा वेळ स्टार्टर द्यावा लागला. पंखा एकदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन गरम होऊ दिले आणि मग चोक पूर्ण आत ढकलला.

मीटरच्या सहाच्या पट्टीवर ३९० दिसले, म्हणजे ७८० आरपीएम. इंजिन थोडे जड चालत होते, पण बंद पडले नाही. मिक्स्चर स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, तर आवाज लगेच उतरला. बाहेर घेतला, तर चढला. स्क्रू बोलतो आहे.

मग नेहमीची पद्धत. आयडल स्क्रूने आरपीएम ९०० च्या जवळ आणायचे, मिक्स्चर स्क्रूने ते जास्तीत जास्त वर जाईल ती जागा शोधायची, वाढलेले आरपीएम पुन्हा आयडल स्क्रूने खाली आणायचे आणि आणखी काही चढत नाही असे दिसले की मिक्स्चर किंचित पातळ करायचे. शेवटी इंजिन ९०० वर स्थिरावले. व्हॅक्यूम गेज साडेसतरा दाखवतो आणि सुई हलत नाही. डिस्ट्रिब्युटरची नळी काढून टोकावर बोट ठेवले, तर ओढ नाही. थोडी रेस देताच ओढ येते आणि पाय काढताच जाते.

एअर फिल्टर बसवल्यावर आरपीएम पुन्हा तपासले पाहिजेत. फिल्टरविना केलेली जुळवणी टिकत नाही. बसवल्यावर थोडेसे उतरले होते, ते सारखे केले.

७ डिसेंबर २०२५

वडिलांना शेजारी बसवून जुन्या कात्रज घाटाने बोगद्यापर्यंत गेलो आणि परत उतरलो. उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढला की गाडी आता मागून धरल्यासारखी मंदावते. ब्रेकचा वापर बराच कमी झाला. वर थांबलो, तेव्हा गरम इंजिनाचा आयडल ९०० च्या आसपासच होता आणि पुन्हा सुरू करताना अडचण आली नाही. वडील म्हणाले, “अरे, सिग्नलला बंद पडली की काय असं वाटतंय, इतकी शांत चालतेय.”

१३ डिसेंबर २०२५

पीयूसी झाले. कार्बन मोनॉक्साइड १.३ टक्के, हायड्रोकार्बन ३८० पीपीएम. कार्बन मोनॉक्साइड आधीपेक्षा वाढला याचे आश्चर्य वाटू नये. आधी मिश्रण अवाजवी पातळ होते, आता ते जेथे असायला हवे तेथे आले आहे आणि तिन्ही सिलिंडर पेट घेत आहेत.

बॉनेटच्या आतल्या बाजूला एक पट्टी चिकटवली आहे, म्हणजे पुढे कोणाच्याही हाती ही गाडी गेली तरी मोजमापाचा गोंधळ होणार नाही: ‘तीन सिलिंडर. गरम आयडल ९००. मीटर चारच्या पट्टीवर ६७५, सहाच्या पट्टीवर ४५०. मिक्स्चर स्क्रू पाहिल्याशिवाय आयडल स्क्रू फिरवू नये.’

२८ डिसेंबर २०२५

थंडी वाढल्यावर सकाळची तपासणी केली. चोक पूर्ण ओढून इंजिन पहिल्याच प्रयत्नात सुरू होते आणि चोक अर्धा आत घेतल्यावर अडखळत नाही. दोन दिवस उभी ठेवून पाहिली, तेव्हाही तसेच.

एक काम उरले आहे. बटरफ्लायच्या दांड्याची खेळ डायल गेजने मोजली. वर-खाली सुमारे ०.१ मिलिमीटर आहे. आज ती आयडल बिघडवत नाही, हे दांड्याच्या दोन्ही टोकांवर पाणी फवारून पाहिले आहे. गेजची सुई जागची हलली नाही. पण ती वाढत जाणार आणि तेथूनही हवा शिरू लागणार. दांड्याला पितळी बुश बसवून देणारा एखादा लेथवाला शोधायचा आहे, आणि ते काम नोंदणीचे नूतनीकरण होऊन गेल्यावर घ्यायचे आहे, कारण तपासणीच्या तोंडावर आत्ता बसलेली जुळवणी मोडण्यात अर्थ नाही. तोवर दर महिन्याला एकदा गाडी गरम करून मीटर लावायचा आणि आकडा या वहीत लिहायचा.